घोरण्याची नक्कल

चंद्रभान गावंडे बायकोच्या घोरण्याची नक्कल करायचा, आणि फार चांगली करायचा. दर्यापूरपासून जीपनं अर्ध्या तासावर त्याचं गाव. संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमली, की कुणीतरी म्हणायचंच, "काकाजी, होऊन जाऊ द्या." मग तो टोपी काढून मांडीवर ठेवायचा, डोळे मिटायचा, तोंड अर्धं उघडायचा. आधी बारीक शिट्टीसारखा आवाज. मग चढावर लागलेल्या ट्रॅक्टरसारखी वाढत जाणारी घरघर. आणि मग एकदम काहीच नाही. खरी करामत तीच होती. तो श्वास धरून बसायचा, छाती हलायची नाही, चेहरा लाल व्हायला लागायचा, आणि समोरची माणसंही नकळत श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. शेवटी तो असा काही फुरफुरत श्वास सोडायचा, की गोठ्यातलं जनावर बुजावं. माणसं हसून हसून आडवी व्हायची. गोदाबाई आत चहाचं आधण ठेवत असायची.

आपण घोरतो हे तिला नवऱ्याकडूनच कळलं होतं. नवी नवरी होती तेव्हा ती घोरत नव्हती. रागिणीच्या पाठीवर दोन लेकरं पोटातच गेली, मग अंग सुटलं, मान भरली आणि कधीतरी ते सुरू झालं. चंद्रभान खाटेवरून तिला काठीनं ढोसायचा. ती दचकून उठायची, कूस बदलायची, डोळा लागला की पुन्हा ढोसली जायची. तोवर ते घरातल्या घरात होतं. रागिणीच्या लग्नात अकोल्याला जेवणं आटोपून मंडळी पान खात बसली होती. व्याही म्हणाले, काहीतरी करमणूक होऊ द्या. चंद्रभाननं सगळ्या सोयऱ्यांसमोर टोपी काढून मांडीवर ठेवली. गोदाबाई बायकांत बसलेली होती. तिची विहीण अनसूयाबाई पदर तोंडाला लावून हसली. नवरीच्या वेशातली रागिणीही हसली, कारण ती लहानपणापासून त्या नकलेला हसत आली होती.

त्या दिवशी गोदाबाईनं ठरवून टाकलं, की माणसांत झोपायचं नाही. ते तिनं पाळलं. लग्नाकार्यात बायका सतरंजीवर आडव्या झाल्या, की ती भिंतीला टेकून बसायची, डोळा लागायला आला की मांडीला चिमटा घ्यायची. घरी तिनं अंथरूण गोठ्याजवळच्या खोलीत हलवलं. तिथं ढोसायला कुणी नव्हतं, पण झोप तिथंही लागत नव्हती. लागली तरी मोडत होती. गळा दाबल्यासारखं होऊन ती उठून बसायची, छाती धडधडत असायची, तोंडाला कोरड पडलेली असायची. उजाडलं की डोकं जड. दिवसा कापूस वेचता वेचता ती उभ्या उभ्या पेंगायची, आणि दुपारी भाकर खाऊन बायका उठल्या तरी ही बांधावर कलंडलेलीच. "बारा तास निजते, तरी पुरत नाई तिले," चंद्रभान सांगायचा. ते तिलाही खरं वाटायचं. आपण आळशी आहोत, यापलीकडे तिनं स्वतःबद्दल कधी काही धरलं नाही.

एक गोष्ट मात्र तिची म्हणून गावात मानली जायची. तिला सगळं ध्यानात राहायचं. कोणाच्या लग्नात कोणी कोणतं लुगडं नेसलं होतं, कोणत्या गायीची कालवड कुठं गेली, कोणाची आत्या कोणत्या गावात दिली, हे विचारायला बायका तिच्याकडे यायच्या. आश्विनात पोरींनी भुलाबाईची मूर्ती बसवली, की तिच्यापुढे म्हणायची गाणी गोदाबाईनंच सांगायची. पोरींना दोन कडवी यायची. गोदाबाईला सगळं गाणं यायचं, आणि मधे राहून गेलेलं कडवंही तिलाच यायचं.

एका भुलाबाईत ती गाणं सांगता सांगता थांबली. पोरी टाळी धरून वाट बघत होत्या. पुढची ओळ जिभेवरही नव्हती आणि डोक्यातही नव्हती; पाय ठेवायला जावं आणि पायरीच नसावी, तसं तिला झालं. तिनं पहिलीच ओळ पुन्हा म्हटली. पोरी हसल्या आणि त्यांचं त्यांनी पुढे नेलं. त्यानंतर दूध उतू जाणं, किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडणं सुरू झालं. एकदा दर्यापूरहून परतताना ती भलत्याच जीपमध्ये बसली, बसल्या बसल्या तिला झोप लागली आणि ती मूर्तिजापूरला पोचली. तिथं उतरून ती एका हॉटेलवाल्याला स्वतःच्या घराचा रस्ता विचारत राहिली. जीपवाल्यानंच तिला परत आणून सोडलं. चंद्रभानच्या ओट्याला नवी गोष्ट मिळाली.

हे असंच चाललं असतं. पण चंद्रभानच्या शुगरच्या गोळ्या तिच्या हाती होत्या. एका संध्याकाळी तिनं त्याला गोळी दिली, आणि थोड्या वेळानं पुन्हा दिली. त्यानंही न बघता घेतली. तो ओट्यावर घामानं थबथबून कोसळला, त्याला दर्यापूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं सगळ्यात आधी रागिणीला फोन लावला. "तुही माय मले मारून राह्यली," तो म्हणाला. "तिले डॉक्टरले दाखव, नाई तं तुह्या घरी घेऊन जा." बायकोचं काही बिघडलंय हे तो दोन वर्षं बघत होता. डॉक्टर त्याला त्या दिवशी आठवला.

अकोल्याचे डॉक्टर शुभंकर मेंदूचे डॉक्टर होते, वयानं रागिणीएवढे. त्यांनी गोदाबाईला तीन शब्द सांगितले, जरा इकडचं तिकडचं विचारलं आणि म्हणाले, आता ते शब्द सांगा. तिला एकच आठवला. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं. तिनं गोल नीट काढला आणि आकडे सगळे एकाच बाजूला भरले. ते चुकलंय हे तिला दिसत होतं, पण काय चुकलंय ते दिसत नव्हतं. तिनं पेन्सिल खाली ठेवून पदरानं हात पुसले. मग डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे?

चंद्रभान खुर्चीत पुढे सरकला. झोपेचं विचारूच नका साहेब, म्हणाला, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. रागिणीनं "बाबा" म्हणून अडवलं, पण डॉक्टर म्हणाले, करू द्या. त्यानं केलं. शिट्टी, घरघर, आणि मग ते थांबणं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. चंद्रभाननं श्वास सोडल्यावर ते म्हणाले, "पुन्हा करा. अगदी जसं होतं तसं, वाढवू नका."

"वाढवतो कुठी साहेब. हे तं कमीच हाय. मले एवढा दम धरता येत नाई."

"म्हणजे त्या याहून जास्त वेळ थांबतात?"

"लय वेळ."

"आणि रात्रीतून किती वेळा?"

"रातभर तेच."

डॉक्टरांनी विचारलं, हे किती वर्षांपासून? चंद्रभाननं अभिमानानं सांगितलं, रागिणीच्या लग्नात केलं तेव्हाही लोक असेच हसले होते. रागिणीची लेक आचल आता अमरावतीला कॉलेजात होती.

"काका, तिथं त्यांचा श्वास बंद पडतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जे करून दाखवताय ना, तो आजार आहे."

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. घसा आतून मिटतो, हवा जात नाही, मेंदू घाबरून जागं करतो, रात्रभर हेच. झोपेत मेंदू दिवसाचं सगळं जागच्या जागी लावून ठेवतो, साचलेला कचरा बाहेर काढतो. वय वाढलं की झोप तशीही पातळ होत जाते, म्हणून म्हाताऱ्या माणसाची झोप जास्तच जपायची असते. यांची झोप कित्येक वर्षं रोज रात्री मोडली गेली. विसरण्याचं सगळं कारण तेच, असं ते म्हणणार नव्हते. दुसरीही कारणं असू शकतात, ती तपासू. पण यानं भर घातली असणार. झोपेची तपासणी करून मशीन लावू. पुढची घसरण कदाचित सावकाश होईल, थोडं बरंही वाटेल. गेलंय ते सगळं परत येईलच, असं नाही.

रागिणी रडायला लागली. चंद्रभान टोपी हातात फिरवत होता. त्याला एवढंच समजलं होतं, की आता हे कुठं करता येणार नाही. गोदाबाईच्या बरंचसं बोलणं डोक्यावरून गेलं. बाहेर आल्यावर तिनं रागिणीचा दंड धरून विचारलं, "मंग मी आळशी नव्हती का वं?"

रागिणीनं तिला अकोल्यालाच ठेवून घेतलं. तपासणी झाली. जावयानं, कुलदीपनं, मशीन विकत आणलं: उशाशी ठेवायची एक डबी, तिला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क आणि डोक्यामागून घ्यायचे पट्टे. पहिले काही दिवस गोदाबाईनं तो ओरबाडून काढला. मग एका सकाळी ती उठली आणि तशीच बसून राहिली. घसा कोरडा नव्हता. डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून ठेवल्यासारखं झालं होतं. रागिणी चहा घेऊन आली तेव्हा गोदाबाई तिच्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "तुहे केस पांढरे झाले वं. कवा झाले?"

तो हिवाळा तिचा चांगला गेला. सगळं आलं नाही, पण पुष्कळ आलं. ती दुपारी पेंगेनाशी झाली. बोलताना वाक्य शेवटपर्यंत न्यायला लागली. कुलदीपला त्याच्या आजोळची अशी नाती सांगितली, की त्यानं आईला विचारून खात्री करून घेतली. मूर्तिजापूरच्या हॉटेलवाल्यानं आपल्याला चहा पाजला होता आणि पैसे घेतले नव्हते, हेसुद्धा तिला आठवलं. उन्हाळा लागताना चंद्रभान तिला न्यायला आला. घरी हातानं करून खाऊन तो बारीक झाला होता. रागिणीनं मशीन कसं लावायचं ते त्याला दहादा दाखवलं. रागिणीच्या सासूचं, अनसूयाबाईंचं, खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, नाहीतर रागिणीनं आईला इतक्यात सोडलं नसतं.

गावी परतल्यावर ओट्यावरची माणसं पुन्हा जमली. भातकुलीचा भगवंत, चंद्रभानचा चुलत भाऊ, पाहुणा म्हणून आला होता. नक्कल आता होत नव्हती, म्हणून चंद्रभाननं मूर्तिजापूरची गोष्ट काढली. बायको जीपमध्ये कशी निजली, दुसऱ्याच गावात उतरून स्वतःचं घर कशी शोधत होती, हे तो हातवारे करून सांगत होता. गोदाबाई चहा घेऊन आली. तिनं कपबश्या मांडल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या गोष्टीत मधे बोलली.

"जीप चुकली माही, ते खरं हाय. पन मले पाहाले कोन आलं? जीपवाला घेऊन आला. हे घरी बसून होते, का चहा कोन करन म्हून." माणसं हसली. तिला ते हसणं गोड लागलं, आणि ती पुढं बोलत गेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीला वीज यायची, गव्हाला पाणी द्यायला शेतात जावं लागायचं. चंद्रभानला अंधाराचं भ्या. तो तिला घेऊन जायचा. "मी बाऱ्यानं पानी सोडो आन् हे धुऱ्याच्या बांधावर कंदील पोटाशी धरून बसत. कंदील इझला का मले हाका मारत, गोदा, कुठी गेली वं."

भगवंत इतका हसला, की चहा त्याच्या धोतरावर सांडला. गेल्या तीस वर्षांत त्या ओट्यावर चंद्रभानला कुणी हसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पानठेल्यावर गेला, तर एकानं त्याला विचारलं, "काकाजी, कंदील आनला का?" आठवडाभरात गावानं त्याचं नावच कंदील पाडलं. तो ओट्यावर बसेनासा झाला. घरात बायकोशी बोलणं त्यानं भाकरीपुरतं ठेवलं. गोदाबाईला कळत होतं की त्याला लागलंय; तिनं एकदा म्हटलंही, की गमतीनं बोलली जी. तो ताटावरून उठून गेला.

मग वळवाचं वादळ झालं. खांब आडवे झाले, गावात पुष्कळ दिवस वीज नव्हती. मशीन बंद पडून पिशवीत गेलं. गोदाबाईची मान सकाळी पुन्हा जड व्हायला लागली, दुपारी डोळे मिटायला लागले. भगवंत कामासाठी पुन्हा आला होता. तो म्हणाला, "वहिनी, ते कंदिलाची गोष्ट सांगा ना." गोदाबाई कपबशी हातात घेऊन उभी राहिली. "कोनता कंदील?" तिनं विचारलं.

चंद्रभाननं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसला.

वीज आली तेव्हा त्यानं मशीन पिशवीतून बाहेर काढलंच नाही. फेकायला वस्तू महागाची होती. त्यानं ती धान्याच्या कोठीमागं ठेवून दिली. गोदाबाईनं विचारलं, ते नाकाले लावाचं कुठी गेलं? तो म्हणाला, रागिणीनं दुरुस्तीला नेलं. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. त्यानं तेच सांगितलं, अजिबात न चिडता. इतक्या सबुरीनं तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. रागिणीचा फोन यायचा. आई, मशीन लावतेस ना, असं ती विचारायची. गोदाबाई नवऱ्याकडे बघायची. तो मान डोलवायचा. "हो," ती म्हणायची, "लावतो."

एकदा चाळणी शोधताना तिला कोठीमागं ती पिशवी सापडली. हे काय आहे ते डोक्याला कळायच्या आधी हातांना कळलं. बोटं आपोआप पट्ट्यांत गेली, मास्क नाकापाशी आला, आणि मग सगळं आठवलं: अकोल्याची सकाळ, रागिणीचे केस, ते हलकं डोकं. तिला इतका आनंद झाला, की ती कोठीला टेकून एकटीच हसली. तिनं पिशवी आणून उशाशी ठेवली. चंद्रभान शेतावरून आला.

"हे कोनाचं वं?" तो म्हणाला.

"माहं."

"तुहं कसं? आचलचं हाय ते. तिच्या कॉलेजचं. खराब झालं तं पोट्टीले भराव लागन."

तिनं पटकन हात काढून घेतला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला म्हणून तिला लाज वाटली. तिनंच ती पिशवी पुन्हा त्याच्या हाती दिली.

हे पुष्कळदा झालं. दर वेळी तिला पिशवी नव्यानं सापडायची, तसाच आनंद व्हायचा, आणि संध्याकाळी तशीच लाज वाटायची. मधे एकदा डोकं जरा उघडं होतं, तेव्हा तिच्या मनात आलं की आपण हे विसरणार. चौथीपर्यंत शिकली होती ती. चुलीतला कोळसा घेऊन तिनं पिशवीवर लिहिलं, गोदा. अक्षर वाकडं आलं, पण आलं. पुढल्या खेपेला ती पिशवी घेऊन नवऱ्यापुढे उभी राहिली आणि अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, "यावर माहं नाव हाय."

चंद्रभान हातातलं पान खाली ठेवून पिशवीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जगात एकच गोदा हाय का? रागिणीच्या सासूचं नाव काय हाय?"

गोदाबाईनं आठवून पाहिलं. लग्नातला तो पदर तोंडाला लावलेला चेहरा तिला दिसला. नाव आलं नाही.

"गोदाच हाय तिचं," तो म्हणाला. "विहीणबाईची वस्तू हाय ते."

"खरंच?"

"मंग मी खोटं बोलतो का?"

ती नाही म्हणाली. त्यानं पिशवी नेऊन माळ्यावर टाकली. त्या उंचीवर तिला चढता येत नव्हतं, आणि त्यानंतर तिनं ती कधी शोधलीही नाही.

पावसाळा गेला. भुलाबाईच्या दिवसांत आचल आजीकडे चार दिवस राहायला आली. आजी दारात बसलेली होती. तिनं आचलकडे बघून तोंडभर हसत म्हटलं, "आली का वं रागिणी? शाळा सुटली?" आचल तिच्यासमोर खाली बसली आणि तिनं आपलं नाव सांगितलं, आजीनं ते ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा तिला रागिणी म्हटलं. आजोबा म्हणाले, म्हातारपण हाय, चालाचंच. आचलनं विचारलं, मशीन कुठंय? आजोबांनी गोठ्याजवळच्या खोलीकडे हात केला. तिथं ते नव्हतं. तिनं घर पालथं घातलं, शेवटी शिडी लावून माळ्यावर चढली. पिशवीवर धूळ बसली होती आणि धुळीखाली कोळशाची दोन अक्षरं होती. आचलनं खाली न उतरताच आईला फोन लावला.

रागिणी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आली. तिनं पिशवी बापापुढे ठेवली.

"बाबा, काहून केलं?"

"म्या काय केलं? तेच काढून फेके. मी शेत पाहू, भाकरी टाकू, का तिच्या नाकाले धरून बसू?"

"माळ्यावर तिनं फेकलं?"

तो म्हणाला, तुमी शहरातले लोक, फोनवर विचारलं का झालं तुमचं. रागिणीला हे लागलं, कारण ते खरं होतं, आणि तिचा आवाज चढला. तिनं आईला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "आई, तूच सांग. हे यायनं लपवलं ना? हे नाव तूच लिहिलं ना?"

गोदाबाईनं पिशवीकडे बघितलं. कोणीतरी लेकरानं गिरगटल्यासारखी अक्षरं होती. मग तिनं चंद्रभानकडे बघितलं. तो भिंतीला टेकून, मान खाली घालून बसला होता, आणि कोणी एक अनोळखी बाई त्याच्या अंगावर ओरडत होती. गोदाबाई उठली, कष्टानं उठली आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"माह्या घरच्यायले कोनी बोलाचं नाई," ती म्हणाली. "तसे नाईत ते. अंधारात भेतात, म्हून गप असतात."

चंद्रभाननं मान वर केली नाही.

रागिणीनं त्याच दिवशी आईला अकोल्याला नेलं आणि बापाला सांगितलं, की आमच्या घरी यायचं नाही. डॉक्टर शुभंकरांनी पुन्हा तीन शब्द सांगितले. गोदाबाईला एकही आठवला नाही. शब्द सांगितले होते हेच तिला आठवलं नाही. मशीन चालू करा, डॉक्टर म्हणाले, झोप तरी चांगली लागेल. मागच्या हिवाळ्यासारखं होईल का, असं रागिणीनं विचारलं. त्यांनी सांगितलं की बहुतेक नाही. घसरण सुरू झाल्यावर इतके महिने हातातून गेले.

चंद्रभान गावातच आहे. शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं करणारा सहदेव त्याला घरचा डबा आणून देतो. या वयात बायकोला लेकीनं पळवून नेलं, असं तो ओट्यावर सांगतो, आणि लोकांना वाईट वाटतं. कंदील हे नाव आता कुणी घेत नाही.

इकडे अकोल्यात गोदाबाई सकाळी ताजीतवानी उठते आणि हे घर कोणाचं, असं विचारते. आपलंच आहे, असं रागिणीनं सांगितलं, की तिला बरं वाटतं. दिवसभर ती अनसूयाबाईंच्या खाटेजवळ बसून त्यांचे पाय दाबते. त्यांनाही आता आठवत नाही; दोघी एकमेकींचं नाव विचारतात. दिवे लागले, की मात्र ती बेचैन होते. दोन लुगडी आणि फणी पिशवीत भरते आणि दाराशी येऊन उभी राहते. घरी मानूस एकटं हाय, ती म्हणते. त्यायची गोळी द्याची राह्यली, त्यायले अंधाराचं भ्या वाटते, मले जाऊ द्या. पहिल्या काही दिवसांत रागिणीनं तिला खरं सांगून बघितलं. बाबांनी तुझ्याशी काय केलं, ते सगळं सांगितलं. गोदाबाईनं ते ऐकलं, कानांवर हात ठेवले आणि रात्रभर रडली, मास्क लावू दिला नाही. सकाळी ती सगळं विसरली होती, आणि संध्याकाळी पुन्हा पिशवी भरून दाराशी होती.

आता रागिणी खरं सांगत नाही. "बाबांचा फोन आला होता, आई," ती म्हणते. "उद्या स्वतः घ्यायला येतो म्हणाले."

"खरंच?"

"मग मी खोटं बोलते का?"

गोदाबाईला हायसं वाटतं. ती पिशवी उशाशी ठेवते, सकाळी लवकर उठवायला सांगते आणि मास्कसाठी तोंड पुढे करते. रागिणी पट्टे घट्ट करून दिवा घालवते. गोदाबाईला लगेच झोप लागते.